हप्ता धंद्याच्या चालीने हवा

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल होते ८० रुपये, आणि तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. तोच पुढे ‘लिज्जत’ पापडाचा मोठा उद्योग झाला. त्या बायकांचे कष्ट आणि एकी तर खरीच. पण एक गोष्ट आपण विसरतो. पापड आज लाटला की चार दिवसांत त्याचे पैसे हाती येतात. उसना पैसा फिरत राहतो आणि फेडही होते.

आता आपल्या गावाकडे पाहा. समजा, तुम्ही कर्ज काढून दोन शेळ्या घेतल्या. शेळी पाच महिने गाभण राहणार. करडू विकण्याजोगे व्हायला आणखी आठ-नऊ महिने. पण हप्ता मात्र पहिल्या आठवड्यापासून सुरू! मग तो कशातून भरणार? मजुरीतून, नाहीतर दुसरे कर्ज काढून. शेवटी शेळीच बाजारात न्यावी लागते आणि लोक म्हणतात, ‘हिला धंदा जमला नाही.’ धंदा जमला असता. पण हप्त्याने त्याला वेळच दिला नाही.

दुधाचे तसे नाही. नुकती व्यालेली म्हैस घेतली तर डेअरीचे बिल दहा-पंधरा दिवसांनी हाती येते. तिथे लहान लहान हप्ते सोयीचे पडतात. मात्र म्हैस आटली की बिल थांबते, हप्ता थांबत नाही. त्या भाकड दिवसांसाठी दुधाच्या प्रत्येक बिलातून थोडे बाजूला ठेवायलाच हवे.

ही गोष्ट २००७ साली कोलकात्यात पडताळूनही पाहिली गेली. लहान कर्ज घेणाऱ्या काही बायकांचा हप्ता दोन आठवड्यांनी सुरू केला, तर काहींचा दोन महिन्यांनी. तीन वर्षांनी पाहिले, तर उशिरा हप्ता सुरू झालेल्यांच्या धंद्याचा नफा बराच जास्त होता. कारण सरळ आहे. ज्यांना लगेच फेडायचे होते, त्यांनी हातचे राखून ठेवले. ज्यांना सवड मिळाली, त्यांनी माल आणि सामान यांत पैसा घातला. पण हेही सांगितले पाहिजे की, सवड मिळालेल्यांत थकबाकीही जास्त निघाली. सवड म्हणजे चैन नव्हे!

व्याजाचा हिशेबही नीट समजून घ्या. समजा १२,००० रुपये कर्ज, दरसाल १२ टक्के व्याज, वर्षाचे १,४४० रुपये आणि बारा सारखे हप्ते. दर महिन्याला १,१२० रुपये भरायचे. मुद्दल महिन्यामहिन्याला फिटत जाते, पण व्याज मात्र पूर्ण १२,००० वरच लागते. म्हणजे खरा दर एकवीस-बावीस टक्क्यांच्या घरात जातो! म्हणून सही करण्याआधी विचारा, ‘व्याज राहिलेल्या रकमेवर की मूळ रकमेवर?’ विचारायला लाजू नका.

आणखी एक. धंद्याच्या नावाने काढलेला पैसा लग्नात किंवा दवाखान्यात गेला, तर फेडायला धंदाच उरत नाही. आजारपण कोणाला चुकत नाही. त्यासाठी गटातली बचत वेगळी असू द्या.

१९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांना जोडण्याचे काम हाती घेतले, तेव्हापासून गावोगावच्या बायकांना सावकाराखेरीज दुसरे दार उघडले. गटाचा मोठा फायदा असा की, आपल्या बचतीतून दिलेल्या कर्जाचा हप्ता कसा असावा, हे गट स्वतः ठरवू शकतो. भाजीवालीला आठवड्याचा हप्ता, दूधवालीला बिलाच्या दिवसाचा, आणि शेळीवालीला सुरुवातीला फक्त व्याज, करडे विकल्यावर मुद्दल. सगळ्यांना एकच माप का लावावे?

तेव्हा पुढच्या सभेला जाताना एक कागद बरोबर घ्या. पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि हप्ता कोणत्या महिन्यात जातो, ते समोरासमोर लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला शेजारी बसवा. दोन्ही बाजू जुळल्या तरच कर्जाच्या कागदावर अंगठा उठवा.