निकालाआधीच भोगलेली शिक्षा

पत्रकारांना गप्प करण्यासाठी लावलेल्या निराधार दाव्यांविरुद्धच्या युरोपीय संघाच्या ‘डॅफ्नी कायद्या’साठी सदस्य देशांना मिळालेली मुदत ७ मे २०२६ची. पण मुदत पाळली म्हणजे पत्रकार सुटले, असे नाही. माल्टाच्या पत्रकार डॅफ्नी कारुआना गालिझिया १६ ऑक्टोबर २०१७ रोजी बॉम्बस्फोटात मारल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यावर अब्रुनुकसानीचे चाळीसहून अधिक दावे चालू होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; असे दावे लावणारा शहाण्याला ती पायरी चढायलाच लावतो. त्याला निकालाची घाई नसते. वकिलांची फी आणि तारखांचे हेलपाटे हीच त्याने समोरच्याला दिलेली शिक्षा. म्हणून इलाज दारातच हवा. २०२४च्या युरोपीय निर्देशात, म्हणजे याच ‘डॅफ्नी कायद्या’त, तो आहे: उघडउघड निराधार दावा सुरुवातीलाच फेटाळणे आणि खर्च वादीवर टाकणे. मात्र हे संरक्षण सीमापार दिवाणी दाव्यांपुरतेच. वादी, प्रतिवादी, न्यायालय आणि प्रकरण सारे एकाच देशातले असेल, तर निर्देश लागू होत नाही. तेवढेच आपल्या कायद्यात उतरवणारा देश नियम पाळेल, पण गावच्या कंत्राटदाराविरुद्ध लिहिणारा वार्ताहर उघडाच राहील.

यावर आक्षेप असा, की खोट्या बातमीने ज्याची अब्रू गेली, त्याने दाद कुठे मागायची? आक्षेप रास्त आहे, पण त्याला कॅनडाच्या ओंटारियो प्रांताने २०१५च्या कायद्यात उत्तर दिले आहे. विषय सार्वजनिक हिताचा आहे हे प्रतिवादीने दाखवले, की आपल्या दाव्यात दम आहे आणि झालेली हानी त्या अभिव्यक्तीच्या रक्षणापेक्षा भारी आहे, हे वादीने पटवायचे. खरा पीडित या चाळणीतून पार होतो. केवळ दमवायला आलेला अडकतो.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. मार्च २०२४मध्ये झी विरुद्ध ब्लूमबर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लेख हटवायला लावणारा एकतर्फी अंतरिम आदेश रद्द केला आणि अशा दाव्यांच्या धोक्याकडे बोट दाखवले. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढायची ऐपत किती जिल्हा दैनिकांची आहे? त्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद आहेच. तेव्हा भारताने कायदा करायचा तर सीमापारचा नव्हे, तालुका न्यायालयापासून लागू होणारा करावा, आणि फौजदारी फिर्यादही त्याच चाळणीतून जावी. निराधार दाव्याचा पूर्ण खर्च लावणाऱ्याच्याच खिशातून गेला, तर धमकीच्या नोटिसा काढण्यापूर्वी बडेही हिशेब करू लागतील.