त्या जेवणाचे पैसे कोणी भरले?

जग फिरून आलेल्या माणसाला ‘सगळ्यात लक्षात राहिलेलं जेवण कुठलं?’ असं २००० सालच्या सुमारास विचारलं, तर उत्तरात बहुधा पॅरिसचं किंवा व्हिएन्नाचं एखादं नावाजलेलं रेस्टॉरंट यायचं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, आदबशीर वाढपी, कितीतरी आधी केलेलं बुकिंग. आज हाच प्रश्न विचारला तर हॅनोईतला प्लास्टिकचा बुटका स्टूल, बँकॉकमधली कोळशाची शेगडी किंवा मेक्सिको सिटीतली एखादी टाकोची टपरी ऐकू येते. पाव शतकात आठवणींचा मुक्काम रेस्टॉरंटमधून रस्त्यावर हलला. खाणं लोकांचं झालं, बडेजाव संपला, खरी चव सापडली, असं म्हणत जवळपास सगळ्यांनी या बदलाचं कौतुक केलं. कौतुक योग्यच होतं. पण या पंचवीस वर्षांचा हिशेब मांडायला बसलं की एक गोष्ट खटकते. ताट सगळ्यात महाग असो की सगळ्यात स्वस्त, त्याची आठवण लिहिणारा आपण किती पैसे मोजले हे हमखास सांगतो. तेवढ्या पैशांत ते ताट परवडलं कसं, हे क्वचितच सांगतो. आणि गंमत अशी, की दोन्ही टोकांना त्याचं उत्तर बरंचसं एकच आहे. उरलेली रक्कम तिसऱ्याच कोणीतरी भरलेली असते, बहुतेकदा स्वतःच्या श्रमाने.

महागड्या टोकापासून सुरुवात करू. २००२ साली एका ब्रिटिश मासिकाने जगातल्या सर्वोत्तम पन्नास रेस्टॉरंटांची यादी काढायला सुरुवात केली. पहिल्याच यादीत पहिला क्रमांक मिळाला तो स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या किनाऱ्यावरच्या ‘एल बुयी’ला. पुढे २००६ ते २००९ अशी सलग चार वर्षं तो त्याच्याकडेच राहिला. फेरान आद्रिया या शेफने तिथे पदार्थाचं रूपच बदलून टाकलं होतं. ऑलिव्हचा रस पातळ पडद्यात कोंडून त्याला पुन्हा ऑलिव्हसारखं रूप देणं हा त्यातला सर्वाधिक गाजलेला प्रयोग. वर्षातले साधारण सहा महिने उघडं असलेलं हे रेस्टॉरंट एका मोसमात सुमारे आठ हजार माणसांना जेवू घालायचं आणि जागेसाठी अर्ज यायचे लाखोंनी. तिथे जेवून आलेल्यांनी त्या जेवणावर पानंच्या पानं लिहिली. तरीही रेस्टॉरंट म्हणून त्याचा ताळेबंद नफ्याचा नव्हता. पैसा पुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि सल्ल्यातून यायचा. स्वयंपाकघरात दर मोसमाला जगभरातून आलेले तीसेक उमेदवार विनावेतन राबायचे. ३० जुलै २०११ रोजी एल बुयीने शेवटचं ताट वाढलं. त्यानंतरचं दशक कोपनहेगनच्या ‘नोमा’चं. २००३ साली सुरू झालेलं हे रेस्टॉरंट त्याच यादीत पाच वेळा पहिलं आलं. तिथेही बिनपगारी उमेदवारांचा मोठा आधार होता. ऑक्टोबर २०२२ पासून नोमाने त्यांना पगार द्यायला सुरुवात केली, तेव्हा महिन्याचा खर्च किमान पन्नास हजार डॉलरने वाढल्याचं प्रसिद्ध झालं. जानेवारी २०२३ मध्ये नोमाचे शेफ रेने रेडझेपी यांनी जाहीर केलं की २०२४ अखेर नेहमीचं रेस्टॉरंट बंद करणार, कारण हा व्यवसाय या पद्धतीने चालवणं टिकणारं नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. उमेदवारी म्हणजे शिक्षण. गुरूच्या घरी पाणी भरल्याशिवाय विद्या येत नाही. आद्रियांच्या हाताखाली काढलेला एक मोसम पुढे जन्मभर पुरतो. यात तथ्य आहेच, आणि नोमा बंद करण्याच्या निर्णयामागे पगार हे एकच कारण होतं असंही म्हणता येणार नाही. पण शिकणारा आणि राबणारा यांतला फरक ओळखायची एक सोपी कसोटी आहे. विद्यार्थी निघून गेला तर शाळेचं दैनंदिन काम अडत नाही. इथे तो गेला, तर वीस पदार्थांचं जेवण वेळेवर टेबलावर येत नाही. शिवाय सहा महिने बिनपगारी परदेशात राहणं कोणाला परवडतं? ज्याच्या घरून पैसे येतात त्याला. म्हणजे या शाळेची फी पगारावर पाणी सोडून भरावी लागायची, आणि ती भरू न शकणारे दारापर्यंतही पोहोचायचे नाहीत.

आता दुसरं टोक. २००० साली अँथनी बोर्डेन या न्यूयॉर्कच्या शेफचं ‘किचन कॉन्फिडेन्शियल’ प्रसिद्ध झालं आणि पाठोपाठ त्याच्या दूरचित्रवाणी मालिकांनी प्रवासातल्या खाण्याकडे बघायची नजर बदलली. याचा कळस झाला मे २०१६ मध्ये. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा आणि बोर्डेन हॅनोईतल्या ‘बुन चा हुओंग लिएन’ या साध्या खाणावळीत स्टीलच्या टेबलाशी स्टुलांवर बसले. भाजलेलं डुकराचं मांस, आंबटगोड पाणीदार रस्सा, तांदळाच्या शेवया, हिरवा पाला आणि बाटलीतून थेट प्यायलेली बिअर. बिल झालं सहा डॉलर, ते बोर्डेनने भरलं आणि तसं जगाला सांगितलंही. पुढे खाणावळीने ते टेबल काचेच्या पेटीत बंद केलं. त्या सहा डॉलरचं जगभर किती कौतुक झालं! त्या खाणावळीचा जमाखर्च इथे मांडायचा नाही. पण अशा स्वस्ताईचं गणित आशियातल्या बहुतेक शहरांत सारखंच असतं: पहाटे बाजार करणारी आई, भांडी घासणारा मुलगा, गल्ल्यावर बसलेली मावशी, आणि यांतल्या कोणाचाही पगार वहीत लिहिलेला नाही. कोणी म्हणेल, सहा डॉलर स्वस्त वाटतात ते डॉलरवाल्याला. तिथल्या माणसाला तो नेहमीचा दर आहे. बरोबर आहे, आणि म्हणूनच आपल्या चलनाच्या ताकदीला ‘साधेपणाची जादू’ म्हणणं बरं नव्हे. खाणाऱ्याच्या वाट्याला जी जादू येते, ती विनिमयदर आणि घरच्या माणसांची मेहनत यांची बेरीज असते.

बँकॉकमध्ये ही विसंगती एकाच वर्षात उघडी पडली. मिशलिनची लाल मार्गदर्शिका काढणारी कंपनी टायरची. मोटारवाल्यांनी जास्त फिरावं, टायर झिजवावेत, म्हणून १९०० साली ती निघाली. उत्तम जेवणासाठी रेस्टॉरंटांना दिले जाणारे तारे पुढे १९२६ पासून आले. म्हणजे लक्षात राहणारं जेवण ही चीज जन्मापासूनच कोणाच्यातरी विक्रीला हातभार लावत आली आहे. बँकॉकची मार्गदर्शिका निघावी म्हणून थायलंडच्या पर्यटन प्राधिकरणाने पाच वर्षांसाठी १४ कोटी ४० लाख बाट मोजले. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्याच शहराच्या प्रशासनाने फुटपाथवरचे खाद्यविक्रेते हटवण्याची घोषणा केली; ओरड झाल्यावर पर्यटकांच्या आवडीचे याओवारात आणि खाओसान हे दोन भाग त्यातून वगळले. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये रस्त्याला लागून असलेल्या दुकानात, डोळ्यांवर मोठा गॉगल चढवून कोळशावर खेकड्याचं आम्लेट तळणाऱ्या सत्तरीच्या जे फाय यांना तारा मिळाला. एका हाताने टपऱ्या उचलायच्या आणि दुसऱ्या हाताने टपरीच्या चवीची जाहिरात करायची, असा हा कारभार. जे फाय यांच्या दारात रांगा लागल्या, त्यांचं आम्लेट हजार बाटांच्या घरात गेलं. ते महाग म्हणून नावं ठेवणारे बरेच आहेत. मला तो दर त्या शहरातला सगळ्यात प्रामाणिक दर वाटतो. भरपूर खेकडा आणि सत्तरीतल्या बाईचे हात यांची किंमत तिने स्वतः ठरवली आणि ती गिऱ्हाईकाकडूनच घेतली.

पण सगळ्यांना जे फाय होता येत नाही, आणि व्हावंही असं नाही, कारण मग त्या शहरातल्या रिक्षावाल्याने जेवायचं कुठे? हा या विषयातला सगळ्यात वजनदार आक्षेप आहे. रस्त्यावरचं अन्न मुळात पर्यटकासाठी नसतं. ते कामावर निघालेल्या माणसासाठी असतं, आणि त्याचे दर चढले तर पहिला मार त्यालाच बसतो. मेक्सिको सिटीतल्या ‘एल कालिफा दे लेओन’ या १९६८ पासूनच्या चिमुकल्या टाकोच्या दुकानाला मे २०२४ मध्ये तारा मिळाला, तेव्हाही नेहमीच्या गिऱ्हाइकांचं काय होणार, ही काळजी रास्तच होती. स्वस्त अन्न हवं आणि ते रांधणाराही नीट जगायला हवा, तर मधला फरक कोणीतरी उघडपणे भरला पाहिजे. तो कोणी आणि कसा, याचं आजवरचं सर्वांत विचारपूर्वक दिलेलं उत्तर सिंगापूरचं आहे.

१९६० च्या दशकाअखेर सिंगापूरने रस्त्यावरच्या विक्रेत्यांची नोंदणी केली, त्यांना परवाने दिले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने छपराखालच्या हॉकर सेंटरांमध्ये हलवलं. नळाचं पाणी, गटार, वीज, बसायला सामाईक टेबलं. या पहिल्या पिढीला गाळे बाजारभावापेक्षा खूपच कमी भाड्याने मिळाले. म्हणजे स्वस्त ताटाचा एक हिस्सा सरकारी तिजोरीने उचलला, आणि तोही लपूनछपून नाही. आज अशी शंभरावर केंद्रं आहेत आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. २०१६ साली चान होन मेंग यांच्या सोया सॉसमधल्या कोंबडी-भाताच्या गाळ्याला तारा मिळाला, तेव्हा एका ताटाची किंमत दोन सिंगापुरी डॉलरच्या आसपास होती. ताऱ्याचं जगातलं सगळ्यात स्वस्त जेवण म्हणून ते गाजलं. पुढे चान यांनी एका कंपनीशी भागीदारी केली, परदेशांतही शाखा निघाल्या, आणि २०२१ मध्ये तारा गेला. लोभापायी चव घालवली, असा ठपका ठेवणं सोपं आहे. वर्षानुवर्षं उकाड्यात उभं राहून कोंबड्या कापणाऱ्या माणसाने चार पैसे गाठीला बांधले, तर त्यात नाक मुरडण्यासारखं काय आहे? पर्यटकाच्या आठवणीसाठी त्याने जन्मभर दोन डॉलरला ताट विकत राहायचं, ही अपेक्षा मला तरी क्रूर वाटते.

सिंगापूरच्या या केंद्रांवर रसिक मंडळींचा राग असतो तो वेगळ्याच कारणाने. रस्त्याची मजा गेली, धूर नाही, गोंगाट नाही, सगळं इस्पितळासारखं स्वच्छ. धुराची मजा तासभर बसून उठणाऱ्याला असते. बारा तास त्यात उभं राहणाऱ्याला नळाचं पाणी जास्त प्रिय असतं. या व्यवस्थेचा खरा दोष दुसरा आहे आणि तो गंभीर आहे. भाडं सवलतीचं असूनही ताटाची किंमत वाढवायला गिऱ्हाईक तयार नाही, म्हणून शिकलेली मुलं या धंद्यात येत नाहीत. हॉकरांचं मध्यक वय साठीच्या आसपास पोहोचलं आहे. नव्या गाळेधारकांना निविदेने चढं भाडं द्यावं लागतं, त्यामुळे नवा माणूस जुन्याच्या दराला टिकत नाही. म्हणजे सरकारने भाड्याचा भार उचलला, तरी श्रमाचा भार आजही म्हाताऱ्या हातांवरच आहे. मात्र तिथे हा प्रश्न संसदेत विचारला जातो, आकडे जाहीर होतात, वर्तमानपत्रांत भांडणं होतात. हॅनोई, बँकॉकच्या कौतुकात तो प्रश्न निघतच नाही.

आणि आपल्याकडे? मुंबईचं नाव आता जगातल्या रस्त्यावरच्या खाण्याच्या याद्यांमध्ये वडापावसह झळकतं, आणि परदेशी पाहुणा दादरच्या गाडीवर उभा राहून तोच ‘लक्षात राहिलेला’ घास घेतो. पथविक्रेत्यांसाठीचा केंद्रीय कायदा २०१४ चा. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेणं आणि सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत कोणालाही न हटवणं, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. त्या वर्षीच्या मुंबईतल्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार विक्रेते मोजले गेले, त्यांपैकी पात्र ठरले ते सुमारे ३२ हजार. आणि समितीवरच्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींची निवडणूक व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला.