क्रँकच्या पोटातला गाळ

जुन्या ट्रायम्फ ट्विनचं क्रँक टेबलावर घेतलं की क्रँकपिनच्या तोंडाशी खाच असलेला एक प्लग दिसतो. तो आपोआप सुटू नये म्हणून त्याच्या कडेवर पंच मारलेला असतो. ती खूण ड्रिलनं उडवायची, जागा तापवायची आणि मग इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडी घालायची. प्लग निघाला तरी आतली नळी हलत नाही, कारण 1959 नंतरच्या 650 सीसी इंजिनांत फ्लायव्हीलचा एक बोल्ट तिच्यात घुसलेला असतो. तोही काढून नळी बाहेर ओढली, की आत जे सापडतं त्याला तेल म्हणवत नाही. काळी मळी, इतकी घट्ट की खरवडावी लागते. बोटांत चोळली तर कचकचते.

हा 'स्लज ट्रॅप'. टायमिंगच्या बाजूनं क्रँकमध्ये शिरलेलं तेल या पोकळीतून बिग एंडकडे जातं. क्रँक मिनिटाला हजारो फेरे घेत असल्यानं जड कण बाहेरच्या भिंतीवर फेकले जातात आणि तिथंच थापून बसतात. या इंजिनातला खरा फिल्टर हाच. बाकी तेलाच्या टाकीत एक तारेची जाळी आणि सम्पमध्ये दुसरी, एवढंच. चहाच्या गाळणीच्या जातीच्या या जाळ्या गॅस्केटचा तुकडा अडवतील; बेअरिंग झिजवणारी भुकटी त्यांतून आरामात निघून जाते.

ट्रायम्फच्या एडवर्ड टर्नरनं 1937 मध्ये स्पीड ट्विन आणली तेव्हा यात कुणाला वावगं वाटलं नाही. त्या काळच्या तेलांत डिटर्जंट नसे, त्यामुळे काजळी तेलात तरंगत न राहता खाली बसे. तेल वरचेवर बदललं जाई आणि इंजिनही वरचेवर खोललं जाई. 1949 मध्ये फ्रान्समधल्या माँतलेरीच्या ट्रॅकवर ट्रायम्फच्या तीन थंडरबर्ड सरासरी ताशी 90 मैलांपेक्षा जास्त वेगानं 500 मैल पळाल्या. कौतुकाचीच गोष्ट, फक्त नव्या गाडीचा ट्रॅप रिकामा असतो, एवढं लक्षात ठेवायचं.

पुढं तेल बदललं, जाळी मात्र तीच राहिली. खरं दुखणं इथं आहे. डिटर्जंटचं तेल बारीक घाण स्वतःत धरून ठेवतं, म्हणजे ती कागदी फिल्टरमध्ये अडकावी अशीच त्याची योजना. फिल्टरच नसेल तर ती घाण बेअरिंगांतून फिरत राहते.

सगळेच ब्रिटिश कारखाने इतके निश्चिंत नव्हते. व्हिन्सेंट आणि व्हेलोसेटमध्ये नमद्याचा किंवा कापडी फिल्टर होता. रॉयल एनफील्डच्या बुलेटमध्ये तो उजव्या टायमिंग कव्हरमध्येच बसवलेला. 1955 पासून मद्रासला बुलेट जुळू लागली, तिच्यासोबत तोही आपल्याकडे आला. बिग एंडला फ्लोटिंग बुश असलेल्या त्या इंजिनाला स्वच्छ तेलाची गरज होतीच. होंडाच्या सीबी 750 ला 1969 मध्ये बदलता येणारा कागदी फिल्टर मिळाला. नॉर्टन कमांडोला काडतुसासारखा फिरवून बसवायचा फिल्टर 1972 च्या मॉडेलांवर आला. गंमत म्हणजे ट्रॅपची मूळ कल्पना टाकाऊ नव्हतीच. आपल्याकडच्या हिरो होंडा सीडी 100 मध्येही घाण फिरवून कडेला फेकणाराच फिल्टर आहे, पण त्याला झाकण आहे. ट्रायम्फच्या ट्रॅपपर्यंत पोचायचं तर इंजिन चेसिसवरून उतरवून दोन फाका कराव्या लागतात.

म्हणून आज वेगळा फिल्टर घालायचा तो परतीच्या नळीवर. ड्राय सम्प इंजिनातला पंप एका प्लंजरनं टाकीतलं तेल आत ढकलतो आणि दुसऱ्या, जाड प्लंजरनं सम्पमधलं तेल टाकीत परत आणतो. टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीत फिल्टर घालणं हा शुद्ध आगाऊपणा: तिथं तेल जवळपास स्वतःच्या वजनानंच उतरतं, फिल्टर तुंबला की बेअरिंग उपाशी. परतीच्या वाटेवर तो तुंबला तरी बायपासचा व्हॉल्व्ह उघडतो. बहुतेक ट्रायम्फ ट्विनमध्ये रॉकरकडे जाणारी बारीक नळीही याच वाटेवरून फुटते. फिल्टर त्या फाट्याच्या आधी बसला तर रॉकरलाही गाळलेलं तेल मिळतं.

जोडताना दिशा चुकवू नये. फिरवून बसवायच्या फिल्टरमध्ये तेल डब्याच्या कडेच्या भोकांतून आत जातं आणि मधल्या आट्यांच्या भोकातून बाहेर पडतं. उलट जोडलं तर डब्यातलाच रबरी पडदा वाट अडवतो. रबरी नळी कापताना पडलेला चुरा आत राहिला, तर फिल्टर बसवून आपणच कचरा घातला म्हणायचं. आणि हे सगळं ट्रॅप साफ केल्यावरच. नवा फिल्टर जुन्या मळीला हातही लावत नाही. भरलेल्या ट्रॅपमुळे बिग एंडची वाट बंद झाली, तर कितीही स्वच्छ तेल बाहेरच ताटकळतं.

पहिल्यांदा इंजिन चालू केलं की टाकीचं झाकण उघडून बघायचं. रिकामा फिल्टर भरेपर्यंत काहीच येत नाही, आणि ते क्षण फार लांबतात. मग परतीच्या तोंडातून तेल आणि हवा आलटून पालटून थुंकल्यासारखी येऊ लागतात. जाड प्लंजरची ताकद सम्पमधल्या तेलापेक्षा जास्त, म्हणून हे थुंकणं; सम्प कोरडा होत असल्याची ती खूण. तीनचारशे किलोमीटरनंतर तो डबा कापायचा, कागदाच्या घड्या वर्तमानपत्रावर पसरायच्या आणि लोहचुंबक फिरवायचं. चिकटतं ते पोलाद. जे चमकतं पण चिकटत नाही, ते बहुधा बुशचं किंवा पिस्टनचं.