उकिरडा आणि ह्यूमस

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मातीवर लिहावे, ही कोणास लुडबूड वाटेल. परंतु कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच असलो, तरी उकिरड्याचे शिक्षण मला त्याआधी मिळाले आहे. धायरीत आमची आता अकरा गुंठे जमीन उरली आहे. २०१७ साली गावाचा राहिलेला भागही महानगरपालिकेत गेला. भोवती इमारती उठल्या. दादा म्हणतो, "या मुरमाड रानात काही पिकत नाही, विकून टाकू." आईचा जीव त्या तुकड्यात आहे. तेव्हा अशा रानाचा कस वाढतो की नाही, हा आमच्या घरी नुसता शास्त्रीय प्रश्न नाही.

शेणखत टाकले की जमीन सुधारते, असे आपण सरसकट म्हणतो. ते अर्धेच खरे. कच्च्या शेणाबरोबर हुमणी जाते, तणाचे बी जाते. नुसते पाचट गाडले तर अडचण निराळीच. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडे. नत्राच्या एका भागाला कर्ब शंभर भागांच्या आसपास. ते कुजवणाऱ्या जीवाणूंना स्वतःचे शरीर बांधण्यास नत्र हवे. पाचटात ते पुरेसे मिळत नाही, म्हणून ते मातीतले उचलतात आणि उभे पीक पिवळे पडते. लोक म्हणतात, खत उलटले! वास्तविक पिकाच्या ताटातले जीवाणूंनी खाल्लेले असते. पुढे जीवाणू मरतात, बरेचसे नत्र परत मिळते, आणि शेवटी जे काळपट, भुसभुशीत उरते ते ह्यूमस. त्यात हेच प्रमाण दहास एकच्या जवळ येते. ह्यूमसमुळे मातीचे कण जोडून रवे बनतात. रव्यांमधल्या पोकळीत हवा खेळते, ओल टिकते. पाणी दिले की खाली निघून जाणाऱ्या आमच्या रानाला हाच गुण मोलाचा.

कुजण्याचे काम शेताबाहेर उरकून घेण्याची रीत सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला (१९२४ ते १९३१) बसवली. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचायचे, ओल राखायची, ढीग वरखाली करायचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. आपला उकिरडा मात्र वर्षभर दबत राहतो. आत हवा नाही, म्हणून तो कुजत नाही, सडतो. (हे दोन शब्द मी येथे वेगळ्या अर्थाने वापरतो, मराठीच्या प्राध्यापकांनी क्षमा करावी.)

पण गोठा नसेल तर? आमची जनावरे केव्हाच विकली गेली. येथे मला कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर जवळचे वाटतात. गणित शिकवणाऱ्या या गृहस्थांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब नीट जगू शकते असे मांडले. धान्ये, कडधान्ये, तेलबिया एकत्र पेरून ती वाढ मातीलाच परत द्यावी, असे ते सांगत. कोवळ्या पाल्यात नत्र अधिक, जून काडीत कर्ब अधिक. दोन्ही मिसळले की वर सांगितलेला तुटवडा पडत नाही.

यंदा तीन गुंठ्यांत ज्वारी, चवळी, तीळ आणि ताग एकत्र पेरले आहेत. पानगळीत लोक रस्त्याकडेला पेटवून देतात तो पाला पोत्यांत भरून आणण्याचेही ठरले आहे. पुढच्या मृगापर्यंत विक्रीचा विषय न काढण्याचे दादाने कबूल केले आहे. पोती आणायला मोटारसायकल मात्र त्याचीच लागणार.