शेंगेन व्हिसा : खात्याचा उतारा काय सांगतो?

लक्झेंबर्ग देशातील शेंगेन हे मोझेल नदीच्या काठावरचे, द्राक्षमळ्यांनी वेढलेले एक लहानसे गाव. १४ जून १९८५ रोजी या गावालगत नदीत नांगरलेल्या एका बोटीवर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग या पाच देशांच्या प्रतिनिधींनी एका करारावर स्वाक्षऱ्या केल्या. आपापसातील सीमांवरची तपासणी टप्प्याटप्प्याने उठवावी, हा त्या कराराचा आशय होता. २६ मार्च १९९५ पासून तो प्रत्यक्षात अमलात आला आणि आज या क्षेत्रात २९ देश आहेत. स्वित्झर्लंड व नॉर्वे हे युरोपीय संघाचे सदस्य नसूनही शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड संघात असूनही शेंगेनबाहेर आहे. ब्रिटनचा तर या व्यवस्थेशी संबंधच नाही. पॅरिस पाहून दोन दिवस लंडनला जाऊन येऊ, असा बेत आखणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी.

शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने मुले युरोपात स्थिरावली आणि त्यांच्यामागे आई-वडिलांचा प्रवास सुरू झाला. पूर्वी ‘युरोप दर्शन’ सहलीपुरता मर्यादित असणारा हा व्हिसा आता लेकीच्या बाळंतपणासाठी, मुलाच्या पदवीदान समारंभासाठी किंवा नातवाच्या बारशासाठी मागितला जातो. अशा वेळी बँकेच्या शाखेत हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “खात्यात किती शिल्लक दाखवावी लागेल?” प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याची मांडणी चुकीची आहे, आणि अनेक अर्जांची अडचण तेथूनच सुरू होते.

शेंगेन देशांच्या समाईक व्हिसा संहितेनुसार अर्ज तपासणारा अधिकारी मुख्यतः तीन गोष्टी पाहतो. प्रवासाचा हेतू खरा आहे काय, खर्चाची ऐपत आहे काय आणि मुदत संपण्यापूर्वी ही व्यक्ती परत जाईल काय? अर्ज नाकारताना जो ठरावीक नमुना दिला जातो, त्यातील बहुतेक कारणे याच तीन प्रश्नांशी जोडलेली असतात. केवळ शिलकेचा आकडा यांपैकी एकाचेच, तेही अर्धवट, उत्तर देतो. खात्याचा उतारा मात्र बरेच काही सांगतो. दरमहा ठरावीक तारखेला जमा होणारे निवृत्तिवेतन, वीजबिल व विम्याचे हप्ते, आवर्त ठेवीत जाणारी रक्कम, गृहनिर्माण संस्थेची वर्गणी या नोंदींतून एका स्थिर कुटुंबाचे चित्र उभे राहते. ज्याचे घर येथे आहे आणि ज्याचा संसार येथे चालतो, तो परत येणार, हा निष्कर्ष त्यातूनच निघतो.

याउलट, एरवी वीस-पंचवीस हजारांच्या आसपास रेंगाळणाऱ्या खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक पाच लाख रुपये जमा झालेले दिसले, तर अधिकाऱ्याच्या मनात शंका येणारच. पुष्कळदा ती रक्कम भावाकडून वा व्याह्यांकडून ‘दाखवण्यापुरती’ घेतलेली असते आणि व्हिसाचे काम होताच परत जायची असते. हे त्या अधिकाऱ्यालाही ठाऊक असते. त्याने असे उतारे शेकड्यांनी पाहिलेले असतात. मोठी रक्कम खरोखरच आपली असेल तर तिचा उगम कागदावर दाखवावा. मुदत ठेव मोडली असेल तर ती बंद केल्याची पावती, सेवानिवृत्तीची रक्कम असेल तर कार्यालयाचे पत्र, मालमत्ता विकली असेल तर दस्ताची प्रत जोडावी. शेतकरी कुटुंबांच्या खात्यात दरमहा पगार दिसत नाही, परंतु साखर कारखान्याकडून आलेले उसाचे बिल किंवा बाजार समितीतील व्यवहार दिसतात. सोबत सातबाराचा उतारा व त्याचे इंग्रजी भाषांतर जोडल्यास हंगामी उत्पन्नाचा अर्थ परक्या अधिकाऱ्यालाही उमगतो.

उतारा किती महिन्यांचा हवा, हे त्या त्या दूतावासाच्या सूचीत दिलेले असते. बहुधा तीन किंवा सहा महिन्यांचा मागतात. संगणकावरून स्वतः छापून घेतलेल्या उताऱ्यावर शाखेचा शिक्का व स्वाक्षरी घेणे इष्ट. शिल्लक प्रमाणपत्र एका दिवसापुरते बोलते, म्हणून ते उताऱ्याची जागा घेऊ शकत नाही. मुदत ठेवींच्या पावत्या पूरक म्हणून जोडाव्यात. ‘तयार उतारा’ करून देणाऱ्या मध्यस्थांच्या नादी तर मुळीच लागू नये. भारतात २ नोव्हेंबर २०१५ पासून शेंगेन अर्जदारांच्या बोटांचे ठसे घेतले जातात आणि अर्जाची माहिती सर्व शेंगेन देशांच्या समाईक संगणकीय प्रणालीत पाच वर्षांपर्यंत राहते. एका देशाने बनावट कागद पकडला की तो दुसऱ्या देशापासूनही लपत नाही.

खर्च मुलगी किंवा जावई करणार असतील तर तसे स्पष्ट लिहावे आणि त्यांचे पुरावे द्यावेत. जर्मनीत राहणाऱ्या यजमानाला तेथील परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन पाहुण्यांच्या खर्चाची जबाबदारी घेणारे अधिकृत हमीपत्र करून देता येते. त्यासाठी त्याचे उत्पन्न तपासले जाते आणि ते पत्र कायद्याने बंधनकारक ठरते. फ्रान्समध्ये नातेवाइकांकडे उतरायचे असेल तर यजमानाने नगरपालिकेकडून निवासाचा दाखला घ्यावा लागतो. साध्या कागदावरील प्रेमळ आमंत्रणाने हे काम भागत नाही.

नावाचा घोळ हा आपल्याकडचा खास प्रश्न. मराठी माणसाचे नाव तीन पदरी : स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव. पासपोर्टमध्ये पहिली दोन एकत्र व आडनाव वेगळे असे दोन रकाने असतात. पासबुकात मात्र केवळ आद्याक्षरे, आणि तीस वर्षांपूर्वी उघडलेल्या खात्यावर कधीकधी माहेरचे नाव. व्हिसाच्या अर्जात जन्माच्या वेळचे आडनाव विचारणारा स्वतंत्र रकाना असतो. विवाहित स्त्रियांनी तेथे माहेरचे आडनाव लिहावयाचे असते. ते कोरे सोडण्याची चूक फार होते. बँकेतील नाव पासपोर्टप्रमाणे करून घेण्यास वेळ लागतो, म्हणून हे काम तिकिटांच्या चौकशीच्याही आधी हाती घ्यावे.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात निदान दोन कोरी पाने असावीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवसांहून कमी अवधी उरला असताना तो करू नये. निर्णय साधारणपणे पंधरा दिवसांत मिळतो, परंतु अधिक छाननी आवश्यक वाटल्यास ४५ दिवसही लागू शकतात. उन्हाळ्यात अर्ज सादर करण्याची तारीख मिळणेच दुर्मीळ होते. मग ज्या देशाची तारीख लवकर मिळेल तेथे अर्ज टाकावा आणि जावे मात्र दुसरीकडे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो नियमाविरुद्ध आहे. जेथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडेच अर्ज करावयाचा. मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशात प्रथम प्रवेश होणार त्याच्याकडे. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, आणि त्याहून लहान मुलांना ते माफ आहे. अर्ज केंद्राचा सेवाआकार वेगळा. अर्ज नाकारला गेला तर शुल्क परत मिळत नाही, म्हणून निर्णय येईपर्यंत परतावा न मिळणारे विमानाचे तिकीट काढू नये. नकाराविरुद्ध अपील करता येते. त्याची पद्धत नकारपत्रातच दिलेली असते.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सर्व शेंगेन देशांत मुक्कामाच्या पूर्ण काळासाठी चालणारा हवा. आपल्या आई-वडिलांच्या वयाला रक्तदाब व मधुमेह हे जवळजवळ घरचेच असतात, आणि स्वस्त विमापत्रांत नेमके पूर्वीचे आजार वगळलेले असतात. दूतावासाची अट अशा विमापत्राने पुरी होते. रुग्णालयाच्या बिलाच्या वेळी मात्र ते कामास येत नाही. त्यामुळे हप्त्याच्या रकमेआधी वगळलेल्या बाबींची यादी वाचावी.

व्हिसा हाती पडल्यावर बहुतेक जण त्यावरील दोनच तारखा पाहतात. त्याखेरीज मुक्कामाचे दिवस आणि प्रवेशांची संख्या अशा दोन नोंदी त्यावर असतात, आणि त्याच खऱ्या महत्त्वाच्या. एकाच प्रवेशाच्या व्हिसात प्रवासाची तारीख थोडी पुढेमागे झाल्यास अडचण नको म्हणून वैधतेत पंधरा दिवसांची सवलत धरलेली असते. ते दिवस राहण्यासाठी नसतात. कमाल मुक्काम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि त्यात पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही धरला जातो. बाळंतपणासाठी जाणारी आई ‘तीन महिने’ म्हणून १ मे ते ३१ जुलै राहिली, तर तिचे ९२ दिवस होतात आणि नियमभंग घडतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर पासपोर्टवरील शिक्क्याऐवजी चेहरा व बोटांचे ठसे घेऊन संगणकीय नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. हे दोन दिवस आता यंत्रच मोजते. प्रवेशांच्या रकान्यात ‘एक’ असेल तर मध्येच ब्रिटनला जाऊन परत शेंगेनमध्ये येता येत नाही, शिवाय ब्रिटनचा व्हिसा निराळा लागतो.

नियम पाळणाऱ्यांना एक सोय उपलब्ध झाली आहे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमानुसार वापरलेले असल्यास दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा आणि त्यानंतर, पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर, पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचे बंधन मात्र कायम राहते.

व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. विमानतळावरील अधिकारी परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता, विमा व पैशांची सोय विचारू शकतो. हे कागद हातातील पिशवीत ठेवावेत, सामानात नव्हे. सामानाचीही गंमत आहे. घरचे साजूक तूप, पनीर वा मांसाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशांना नेता येत नाहीत. हापूसची पेटीही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राविना अडविली जाते. नातवासाठी हौसेने कढवलेले तूप तपासनीसाच्या डब्यात जाण्यापेक्षा ते मागेच राहिलेले बरे. दहा हजार युरो किंवा त्याहून अधिक रोख जवळ असल्यास ती जाहीर करावी लागते.

भारतातून निघताना एका फेरीसाठी परकीय चलनी नोटा ३,००० अमेरिकी डॉलरच्या मर्यादेत मिळतात. उरलेली रक्कम प्रवास कार्डावर घ्यावी. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचे चलन रोखीने विकत घेता येत नाही, त्यासाठी खात्यातूनच पैसे द्यावे लागतात. आपल्या डेबिट कार्डावर परदेशातील व्यवहारांची सोय मुळात बंद असते. ती निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावी, कारण फ्रँकफर्टच्या स्थानकावर कार्ड नाकारले गेले की तेथून शाखेला फोन लावणे वेळेच्या फरकामुळे सोपे नसते. परतल्यानंतर उरलेले चलन १८० दिवसांत बँकेला विकावे. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढील प्रवासासाठी जवळ ठेवण्यास परवानगी आहे. परकीय नाणी बाळगण्यावर कोणतीच मर्यादा नाही. बँका ती सहसा परत घेत नाहीत, त्यामुळे त्यांचा मुक्काम घरातल्या मुलांच्या डब्यातच पडतो.