मांडवाआडचा समुद्र

आमच्या लग्नाला २७ जानेवारी २०२५ रोजी चाळीस वर्षे झाली. माझ्या मते सकाळी देवळात जाऊन यावे, दुपारी श्रीखंड-पुरी आणि संध्याकाळी एखादे नाटक, एवढा कार्यक्रम पुरेसा होता. चिरंजीवांच्या मनात वेगळेच होते. दिवाळीतच त्याने मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. दक्षिण गोव्यातले, सासष्टीच्या किनाऱ्यावरचे पंचतारांकित हॉटेल. तीन रात्री, दोन खोल्या.

"बघा बाबा. गॅलरीतून उतरलं की हिरवळ, हिरवळ संपली की वाळू, वाळू संपली की समुद्र."

"आणि पैसे?"

"ते तुमचं खातं नाही."

अडतीस वर्षे बँकेत काढून २०१९ साली निवृत्त झालेल्या माणसाला ते आपले खाते नाही असे सांगितले की तो वरवर गप्प बसतो आणि मनात आकडेमोड सुरू करतो. दिवसाला खोलीचे साडेअठरा हजार. दोन खोल्या, तीन रात्री, म्हणजे एक लाख अकरा हजार. त्यावर अठरा टक्के जीएसटी. एकूण एक लाख तीस हजार नऊशे ऐंशी. मी चष्मा काढून ठेवला.

खरे तर मला राजी केले ते आईने. आई पंच्याऐंशी वर्षांची. माहेर वेंगुर्ल्याचे. गुडघ्यांनी दावा साधल्यापासून ठाण्याच्या घरातून तिची मजल इमारतीच्या फाटकापर्यंत. ती म्हणाली, "समुद्राचं पाणी पायाला लागणार असेल तर मी येते. हॉटेल कसलंही असू दे." आणि मग बायकोने, सूनबाईने, सहा वर्षांच्या नातीने माझ्याकडे असे पाहिले की मी बॅग भरायला घेतली.

प्रजासत्ताक दिनाच्या भल्या पहाटे ठाण्याहून 'वंदे भारत' धरली. दुपारी दीडच्या आत मडगाव. १९९१ साली याच कुटुंबाला घेऊन (तेव्हा चिरंजीव पाच वर्षांचे होते आणि सूनबाई अर्थातच नव्हत्या) मी बँकेच्या एलएफसीवर गोव्याला गेलो होतो. कोकण रेल्वे पुरी व्हायला अजून सात वर्षे होती. रात्रभर एसटी, घाटात पोराच्या तीन उलट्या, आणि सकाळी अंगाची लाकडे झालेली. कोलव्याला एका बाईंच्या घरची मागची खोली सत्तर रुपये रोजाने मिळाली. विहिरीचे पाणी, स्टोव्ह, छपरावर रात्री नारळ पडला की दचकून उठायचे. आई रोज सकाळी त्या बाईंबरोबर रापणीवर जाई आणि पदराखाली मासळी घेऊन येई. त्या चार दिवसांचे फोटो अजून आमच्या कपाटात आहेत. चिरंजीवांच्या मनात आमची चाळिशी साजरी करताना तोच समुद्र होता, हे मला फार उशिरा कळले.

तर हॉटेल. स्वागताला अंगठ्याएवढ्या पेल्यात कोकम सरबत मिळाले. खोली दोनला मिळायची ती साडेचारला मिळाली. मधले तीन तास आम्ही संगमरवरी दालनात बसून होतो, आणि आमच्यापुढून मनगटावर पिवळ्या फिती बांधलेली माणसे ढोलताशांसह आत जात होती. कुठल्या तरी मोठ्या घरचे लग्न होते. दोनतृतीयांश खोल्या वऱ्हाडाने घेतल्या होत्या. नातीने विचारले, "आपल्याला फीत का नाही?" तेव्हा आम्ही हसलो. पुढच्या तीन दिवसांत कळले की पंचतारांकित जगात फीत नसलेल्या माणसाला फारशी किंमत नसते.

गॅलरीचे दार उघडले तर समोर मांडवाची पाठ. हिरवळीवर दुमजली घराएवढा मांडव उभा राहत होता. पुढून तो राजवाडा असेल. आम्हाला दिसत होते ते प्लायवूड, लोखंडी पाइप, क्रॉकरीच्या क्रेटी आणि ट्रकएवढा जनरेटर. समुद्र मांडवापलीकडे होता. जनरेटर बंद पडला की त्याची गाज ऐकू येई, एवढाच काय तो पुरावा.

हे सोसले असते. पण वाळूवर जायची वाट त्याच हिरवळीतून होती आणि हिरवळ तीन दिवस बंद. दुसरी वाट नोकरवर्गाची, स्वयंपाकघरामागून, वीसेक लाकडी पायऱ्या उतरून आणि वाळूचा उंचवटा चढून. आईला ती शक्यच नव्हती. मी मॅनेजरला बोलावले. तिशीचा मुलगा, गळ्याला टाय. "सर, मी आपली भावना समजू शकतो," असे तो तीनदा म्हणाला. चौथ्यांदा म्हणाला की आजींना बॅटरीच्या गाडीतून स्पापर्यंत नेता येईल. पंच्याऐंशी वर्षांच्या वेंगुर्ल्याच्या बाईने स्पामध्ये काय करावे, हे मात्र त्याने सांगितले नाही.

आणि मग माझ्यातला अधिकारी जागा झाला. आरक्षण घेताना हे का सांगितले नाही? लग्नाची नोंदणी आमच्या आधीची की नंतरची? मला तारीख दाखवा. समुद्रकिनारा कुणाच्या बापाचा नाही, हेही मी त्याला ऐकवले. आता हे खरेच आहे. इंदिरा गांधींनी पंतप्रधान असताना १९८१ साली किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले होते की भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा किनारा मोकळा राहिला पाहिजे. फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेत त्याला कायद्याचे रूप आले, आणि अर्थात तडजोडही आली. गावाकडच्या किनाऱ्यांवर पहिल्या दोनशे मीटरांत नवे बांधकाम नाही, दोनशे ते पाचशेच्या पट्ट्यात परवानगीने हॉटेल. वाळू मात्र लोकांचीच राहिली. दोना पावलाजवळच्या वायंगिणीच्या वाटेसाठी तर गावकरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि जानेवारी २००९ मध्ये त्या वाटेवरचा लोकांचा हक्क न्यायालयाने मान्य केला. हे सगळे मी भर दालनात, चढ्या आवाजात सांगत होतो. पिवळ्या फितीवाले थांबून ऐकत होते. मॅनेजर मान हलवत होता. आणि चिरंजीव खांबाआड उभा राहून जमिनीकडे पाहत होता.

रात्री तो आमच्या खोलीत आला. "बाबा, तुम्ही सगळीकडे इन्स्पेक्शन का करता? झालं ना, फसलं. मला कळत नाही का?"

"अरे, पण तू पैसे मोजलेस—"

"म्हणूनच. मी मोजलेत." एवढे बोलून तो गेला. मी गॅलरीत बसून राहिलो. बरोबर दहाला संगीत बंद झाले, हे कबूल केले पाहिजे. मांडववाल्यांची ठोकाठोक सकाळी सहाला पुन्हा सुरू झाली, हेही.

जेवणाविषयी फार लिहीत नाही. छत्तीस पदार्थ मांडलेले असतात आणि माणूस शेवटी दहीभात घेतो. फक्त एक प्रसंग सांगतो. माशाचा पांढराशुभ्र तुकडा तोंडात घालून आई थांबली आणि वाढप्याला म्हणाली, "ह्यो खंयचो मासो?" तो मुलगा नेमका सावंतवाडीचा निघाला. खाली वाकून हळूच म्हणाला, "आजी, बासा." बासा हा व्हिएतनामकडून गोठवून येणारा मासा. अरबी समुद्रापासून दोनशे पावलांवर आम्ही तो खात होतो. "ह्यो मासो नाय, कापूस आसा," आई म्हणाली. मुलगा हसला. स्टाफच्या मेसमध्ये आज बांगड्याचे तिखले आहे, असे त्याच्या तोंडून निघून गेले. "मगे आमका थंय बसव," आई म्हणाली आणि खुर्चीवरून उठायलाच लागली. तिला बसवताना पुरेवाट झाली. पण त्या मुलाने दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सातला तिच्यासाठी स्टाफच्या पातेल्यातली ऊन पेज आणली, वर लोणच्याची फोड. बिलावर ती कुठेच नव्हती. चौकशीच केली तर त्या हॉटेलात मला मनापासून आवडलेली तेवढीच एक गोष्ट.

सत्तावीस तारखेला, लग्नाच्या वाढदिवशी, केक आला. त्यावर दुसऱ्याच कुणाचे नाव होते. तो बदलून येईपर्यंत चिरंजीवाने मला फोटो काढायला आपला मोबाइल दिला. मी नातीच्या चेहऱ्यावर नेम धरतो आहे तोच पडद्यावर वरून एक निरोप घसरत आला. क्रेडिट कार्डाचा हप्ता, रुपये १४,५५३. नऊपैकी दोन.

वाचकहो, मी कर्जविभागात पंधरा वर्षे काढली आहेत. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. विक्रेता व्याजाएवढी सूट आधीच दाखवतो, बँक व्याज लावतेच, त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्या डोक्यावर. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवले होते की शून्य टक्के व्याज असा काही प्रकारच नसतो. शेकडो लोकांना टेबलापलीकडे बसवून मी समजावले आहे की सुट्टीसाठी कर्ज काढू नये. आणि माझ्या वाढदिवसाचा केक माझा मुलगा ऑगस्टपर्यंत फेडणार होता. मी फोटो काढला. तो हललेला आला आहे.

रात्री झोप आली नाही. पैशांपेक्षा मला दालनातला माझा आवाज आठवत होता. एकेक त्रुटी मी बोट दाखवून मोजत होतो, तेव्हा त्याला ती कुणाच्या नावावर पडल्यासारखी वाटली असेल?

तिसऱ्या दिवशी पेज घेऊन आलेल्या मुलाने सांगितले, फाटकाबाहेर पडून गावच्या चर्चवरून वळलात तर गाडी थेट वाळूपर्यंत जाते. सगळी मंडळी झोपली होती. मी चिरंजीवाला उठवले, टॅक्सी सांगितली आणि आम्ही तिघे निघालो. दोन किलोमीटरसुद्धा नसेल. माडांमधून वाट उतरली आणि समोर अख्खा समुद्र उघडा.

रापण ओढत होते. वीसेक माणसे, दोन्ही बाजूंनी दोर, पाय वाळूत रुतवून मागे मागे सरत होती. आईला आम्ही दोघांनी दंडांना धरून ओल्या वाळूपर्यंत नेले. पहिली लाट घोट्यापर्यंत आली तशी तिने माझा हात झटकला. नातवाचा धरून ठेवला. काही बोलली नाही. मग उलट्या घातलेल्या होडीला टेकून ती बसली आणि रापणकारांना कुठल्या बाजूला दोर ढिला पडलाय ते मालवणीत सांगू लागली. ते कोंकणीत उत्तर देत होते. दोघांचेही चांगले चालले होते.

"हप्ता साडेचौदा हजारांचा आहे," मी म्हटले.

चिरंजीव दचकला. "कुणी सांगितलं?"

"बँकेने."

तो जरा हसला. मग पाण्याकडे पाहत म्हणाला, "एक्याण्णव साली तुम्ही स्टाफ सोसायटीचं दोन हजारांचं कर्ज काढलं होतंत. आईने सांगितलंय मला. एलएफसीत फक्त भाडं मिळायचं."

हे मी साफ विसरलो होतो. विसरलो म्हणण्यापेक्षा, कर्जदारांना समजावताना ते मला कधी आठवले नव्हते. दीड वर्षे पगारातून कापले जात होते.

"कालच्याबद्दल—" मी म्हणालो.

"परवाच्या," तो म्हणाला. "राहू दे."

जाळे आले. आईने घासाघीस करून दोन डझन बांगडे घेतले, डोळे तपासून, कल्ले उघडून. ती पिशवी घेऊन आम्ही हॉटेलच्या फाटकावर आलो. तिथे प्रत्येक पिशवी यंत्रातून जाते. पडद्यावर चोवीस बांगड्यांचे सांगाडे ओळीने सरकत गेले आणि पहाऱ्यावरचा मुलगा खुर्चीतून उठला. बाहेरचे खाद्य आत नेता येत नाही. हे शिजवायचे आहे, आम्ही खाणार नाही, असे आई त्याला समजावत होती, आणि त्यामुळे प्रकरण अधिकच बिघडत होते. या वेळी मी अवाक्षर बोललो नाही. चिरंजीवाच्या कपाळाची शीर उडू लागली आणि तोच त्या मुलाला नियमाचे पुस्तक मागू लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बांगडे टॅक्सीवाल्याच्या घरी गेले.

परतल्यावर चार पानी तक्रार मी लिहिली, चिरंजीवाने ती दोन परिच्छेदांवर आणली आणि आपल्या नावाने पाठवली. दिलगिरीचे उत्तर आले आणि पुढील मुक्कामावर तीस टक्के सवलतीचे कूपन. मुदत ३१ जुलै. मी मुलाच्या खात्यात पन्नास हजार भरले, ते संध्याकाळपर्यंत परत माझ्या खात्यात आले. दोनदा असे झाले, मग मी नाद सोडला. आई हॉटेलबद्दल कुणी विचारले तर म्हणते, "पेज बरी होती. पण माझे चोवीस बांगडे गेले."

कूपन मुदतीत संपले. शेवटचा हप्ता २७ ऑगस्टला होता. त्या दिवशी गणेश चतुर्थी आली. आरती झाली, पाने मांडली, मोदकांवर तूप पडत होते आणि चिरंजीवाच्या खिशात मोबाइल वाजला. त्याने काढून पाहिला, मी त्याच्याकडे पाहिले.

"गेला?"

"गेला," तो म्हणाला, आणि मोबाइल पालथा घालून त्याने तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली.