दुसरी पाळी

सकाळी ६.३०

गावाकडे आठ वाजलेले असतात, म्हणून आईला फोन याच वेळी. मॉरिशसचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे चालतं. सप्टेंबर आहे. आमच्या कोल्हापूर भागात कारखान्यांची दुरुस्तीची कामं चालली असतील. बॉयलर अग्निप्रदीपन व्हायचंय, गव्हाणीत मोळी पडायला तर अजून वेळ आहे. इथे मात्र हंगाम ऐन भरात. विषुववृत्ताच्या खाली ऊस जूनच्या सुमारास तोडीला येतो आणि डिसेंबरपर्यंत गाळप चालतं. "आज कुठली पाळी?" आई विचारते. दुसरी म्हटल्यावर "मग रात्री जेवणाचं काय?" हे ठरलेलंच.

साखर कारखान्याला लागून असलेल्या सहवीज प्रकल्पात मी शिफ्ट इंजिनिअर आहे. मिलमधून आलेला बगॅस (उसाचं चिपाड) आमच्या बॉयलरमध्ये जळतो, वाफेवर टर्बाइन फिरतं. कारखान्याला लागेल तेवढी वाफ आणि वीज आम्ही त्यांना देतो, उरलेली वीज सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्डाच्या ग्रिडवर जाते. बगॅसवरची वीज ग्रिडला विकायला या बेटावर १९५७ साली सुरुवात झाली. आपल्याकडे को-जनचा बोलबाला त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला.

९.००

क्वात्र बोर्नच्या बाजारात गाडीवर डाळपुरी मिळते, टोमॅटोच्या रुगायबरोबर. खाताना वर पाहिलं की सपाट काँक्रीटची छपरं दिसतात. १९६०च्या कॅरोल चक्रीवादळाने लाकडा-पत्र्याची घरं भुईसपाट केली, तेव्हापासून माणसं स्लॅबच्या घरांकडे वळली. त्याच स्लॅबवर आता पाणी तापवायचे सोलर बंब आहेत आणि पॅनेलंही वाढताहेत. वादळाचा हिशेब धरल्याशिवाय इथे काहीच उभं करता येत नाही. रॉड्रिग्ज बेटावर तर अशा पवनचक्क्या आहेत, की वादळाची वर्दी आली की मनोऱ्यासकट जमिनीवर आडव्या करून ठेवता येतात.

मुख्य बेटावर प्लेन दे रॉशला ११ पवनचक्क्या आहेत, मिळून ९ मेगावॅटच्या थोड्या वर. बांबू गावाजवळ १५ मेगावॅटचं सौर केंद्र २०१४ पासून चालू आहे. त्यानंतर आणखी केंद्रं आली. आंरिएत्ताच्या ८ मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला भारताने कर्ज दिलं, आणि टॅमरिंड फॉल्सच्या जलाशयावर तरंगती पॅनेलं बसवायचंही दोन्ही देशांत ठरलं आहे. सरकारने २०२१ मध्ये मोठं उद्दिष्ट जाहीर केलं: २०३० पर्यंत ६० टक्के वीज अक्षय स्रोतांची आणि कोळसा पूर्ण बंद. आज पाचातले चार भाग वीज अजून कोळशावर आणि जड तेलावरच होते.

इतकं ऊन, इतका वारा, मग जाळता कशाला, असं गावाकडचे मित्र विचारतात. त्याचं उत्तर संध्याकाळी सहानंतर मिळतं.

दुपारी १२.४५

कंपनीची बस. खिडकीबाहेर ऊस, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग, घराएवढे उंच. शेतं मोकळी करताना मजुरांनी हाताने वेचून रचलेले आहेत ते. त्या मजुरांत आपल्या कोकणातून आलेली माणसंही होती. शेजारी बसलेले काका त्यांच्याच वंशातले. मिलवर ऑपरेटर आहेत. घरात क्रेओल बोलतात, मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे ती स्वच्छ आणि जरा पुस्तकी. मला "भाऊ" म्हणतात.

ऊस अजून सगळीकडे दिसतो, तरी तो झपाट्याने कमी होतोय. शतकाच्या सुरुवातीला तोडणीखाली ७० हजार हेक्टरांवर क्षेत्र होतं, आता ते ४० हजारांच्या खाली आलंय. युरोपने २००६ पासून साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के उतरवला आणि २००९ मध्ये जुना साखर करारही संपला. तेव्हाचे अकरा कारखाने जाऊन आता तीन राहिले. छोटे बागायतदार सगळ्यांत आधी बाहेर पडले. कुठे नुसतं रान माजलंय, कुठे प्लॉट पडलेत. वीज खात्याच्या चर्चेत पॅनेलं आणि बॅटऱ्या भरपूर असतात. हे पडीक रान त्या चर्चेत पुरेसं येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१.४५

चार्ज घेतला. लॉगबुकात पहिल्या पाळीच्या नोंदी: वाफेचा दाब ८२ बारच्या जवळ, तापमान ५२५ अंशांच्या खाली, यार्डात बगॅस बऱ्यापैकी. एक टन उसामागे सुमारे ३०० किलो बगॅस निघतो, त्यातलं निम्मं पाणी. जुन्या कमी दाबाच्या बॉयलरवर त्यातून कारखान्यापुरतीच वीज निघायची. या दाबावर कारखान्याचं सगळं भागवून टनामागे शंभरावर युनिट बाहेर देता येतात. ऊस तोच आणि चिपाडही तेच, फरक फक्त दाबाचा.

३.००

सौर केंद्रं अजून जोरात आहेत. मधे ढगांचा पट्टा आला की फ्रीक्वेन्सीचा आकडा हलतो. महाराष्ट्रात एखादा मोठा संच बंद पडला तर देशभराचं ग्रिड पाठीशी असतं. ओडिशातली वीजही आपल्या कामी येते. इथे शेजारी कोणी नाही. समुद्रातून एकही केबल येत नाही. आख्ख्या बेटाची कमाल मागणी पाचशे मेगावॅटच्या आसपास, तिच्यातले वीस-पंचवीस मेगावॅट एका ढगाने हिरावले तरी ५० हर्ट्झ सांभाळताना कंट्रोल सेंटरची धावपळ होते. उपकेंद्रांत बसवलेल्या बॅटऱ्या अशा वेळी क्षणार्धात वीज सोडतात, पण त्या झटका सोसण्यासाठी आहेत, रात्र काढण्यासाठी नाहीत.

४.२०

सर आली. पठारावरचा पाऊस असाच येतो, न सांगता. यार्डाच्या उघड्या कडेचा बगॅस भिजला आणि तोच लोडरने पट्ट्यावर चढवला गेला. दहा मिनिटांत तीन नंबरचा फीडर चोक. ओला बगॅस ड्रमच्या दातांत लगद्यासारखा बसतो, वरून सरकत नाही की खालून सुटत नाही. भट्टीत एका बाजूची ज्योत काळवंडली, दाब उतरायला लागला. पॅनेलवरच्या पोराला लोड थोडा उतरवायला सांगितलं आणि फीडरच्या मजल्यावर गेलो. झाकण उघडून दोघा फायरमननी लांब सळईने गोळा फोडला. आतून गोडसर, आंबूस वाफारा आला. कोल्हापूरच्या यार्डात येतो तोच. फीडर सुटला. सुका बगॅस आतल्या ढिगातून घ्यायला लावला, हवेचं प्रमाण वाढवलं. पावणेपाचला दाब जागेवर.

हे सगळं सहापूर्वी आटपलं, याला फार महत्त्व आहे.

६.००

सूर्य मावळला. सौरचा आकडा शून्यावर, आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, टीव्ही, इलेक्ट्रिक किटल्या, हॉटेलांत रोषणाई. पोर्ट लुईकडची जड तेलावरची इंजिनं चढायला लागतात. शांपाञचं जलविद्युत केंद्रही अशा वेळेसाठी राखलेलं असतं. ३० मेगावॅटचं, बेटावरचं सगळ्यांत मोठं. आणि आम्ही. आमचा सूर्य यार्डात ढीग घालून ठेवलेला असतो. सहा ते नऊ संच पूर्ण भारावर असतो. त्या तीन तासांत आम्ही दिलेलं प्रत्येक युनिट तेलाची जागा घेतं, म्हणून या वेळी खुर्चीतून उठावंसं वाटत नाही.

तेल म्हणजे काय ते या बेटाने २०२० मध्ये पाहिलंय. वाकाशिओ जहाज दक्षिण-पूर्वेच्या प्रवाळावर चढलं आणि त्याच्या टाक्यांतलं हजारेक टन तेल खाडीत पसरलं. तेव्हा मायेबूरच्या किनाऱ्यावर माणसांनी उसाचं पाचट जाळ्यांत भरून लांबलचक वळ्या शिवल्या आणि त्यांनी तेल अडवलं. काकांच्या घरचेही त्यात होते.

रात्री ८.००

कॅन्टीनमध्ये काकांबरोबर जेवण. त्यांचा एक आर्पांचा तुकडा आहे, एकराहून जरासा मोठा. इथे एका लागणीवर सहा-सात खोडवे सहज घेतात; त्यांचा खोडवा त्याहून जुना झालाय, उतारा घसरलाय.

"भाऊ, पुनर्लागवड करू की सोडून देऊ?"

मी त्यांना सांगितलं, सोडू नका. सरकारने २०२१ मध्ये बागायतदारांना मिळणारा बगॅसचा मोबदला चांगला वाढवलाय. पूर्वी तो इतका किरकोळ होता की चिपाडाचा मालक शेतकरी आहे हेच कोणी धरत नसे. पण मजूर मिळत नाहीत, आणि दगडाळ तुकड्यात तोडणी यंत्र जात नाही, हे काकांचं म्हणणंही खरं. मुलगा एबेनला कॉल सेंटरमध्ये आहे, तो कोयता धरणार नाही.

"आणि डिसेंबरनंतर तुम्ही कोळसाच जाळता ना?" त्यांनी विचारलं.

जाळतो. बगॅस संपला की याच बॉयलरमध्ये दक्षिण आफ्रिकेकडून आलेला कोळसा पडतो, पुढचा हंगाम लागेपर्यंत. दोन इंधनांवर चालणारे संच त्यासाठीच बांधलेत. कोळसा बंद करायचा म्हणजे ते पाच-सहा महिने काहीतरी दुसरं जाळायला हवं: उसाचं पाचट, लाकूड, किंवा खास जळणासाठी लावलेला जास्त तंतूचा ऊस. म्हणजे पुन्हा जमीनच हवी, आणि ती कसणारा माणूस. काकांसारख्यांनी तुकडे सोडले तर २०३०च्या कागदावरचा तो भाग कोण भरून काढणार? सौरकेंद्रासाठी जमीन शोधणारे अधिकारी गावोगाव फिरतात. तसेच बेणं, मजूर आणि छोटं तोडणी यंत्र घेऊन काकांच्या बांधावरही कोणीतरी यायला हवं.

१०.००

तिसऱ्या पाळीला चार्ज दिला. लॉगबुकात लिहिलं: तीन नंबर फीडर १६.३० ला चोक, १६.४५ ला मोकळा. पूर्वेकडचा ओला ढीग उद्या दुपारपर्यंत घेऊ नये. मागणी उतरली होती, पोर्ट लुईची दोन इंजिनं थांबल्याचं कंट्रोल सेंटरने फोनवर सांगितलं.

बसमध्ये काका शेजारीच बसले. बेणं कुठल्या जातीचं घ्यावं, दगड काढायला किती खर्च येईल, मोबदला कधी हातात पडतो, असं एकेक विचारत होते. मला येत होतं तेवढं सांगितलं. बाकीचं विचारायला शनिवारी दोघं मिळून ऊस संशोधन केंद्रात जायचं ठरवलं.